येताना दहा आकडे घेऊन या

प्रति,
मुळशी तालुक्यातून यंदा संख्याशास्त्राच्या वर्गात बसणाऱ्या सर्व मुलामुलींना,



जून महिन्यात सकाळी पौडच्या स्टँडवर तुम्ही मला दिसता. पाठीवर नवी सॅक, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली प्रवेशाची कागदपत्रं आणि डोळे बसच्या पाटीकडे. तुमच्यातले काही बी.एस्सी.ला चाललेत, काही बी.कॉम.ला, काही मानसशास्त्राला, काही बी.सी.ए.ला. विषय वेगळे असले तरी पहिल्या वर्षात कधी ना कधी तुमच्यापुढे एकच पेपर येणार आहे आणि त्याला सगळे 'स्टॅट्स' म्हणणार आहेत. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी हाच विषय तीस वर्षं शिकवला. आता निवृत्त होऊन पौडला राहते. त्या तीस वर्षांत 'मॅडम, स्टॅट्स झेपत नाही' हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकलं त्यांतली बरीच मुलं आपल्याच भागातली होती. ती हुशार नव्हती असं मला एकदाही वाटलं नाही. वर्गात येण्याआधी काय करून यायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून हे पत्र.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. माझं माहेर कोळवण खोऱ्यातलं, घरची भाताची खाचरं. मी सहावी-सातवीत असताना एका वर्षी आमच्या शेतात पीक कापणी प्रयोग झाला. ग्रामसेवक आणि तलाठी असे दोघं आले, सोबत टेप, सुतळी, खुंट्या आणि एक छापील तक्ता. वडील त्यांना हौसेने बांधावरच्या खाचरात घेऊन गेले, तिथे आंबेमोहोर कमरेइतका वाढला होता. ग्रामसेवकांनी तक्ता बघितला, शेताच्या कोपऱ्यापासून पावलं मोजली आणि खुंटी ठोकली ती भलत्याच ठिकाणी, पाणी तुंबून पीक अर्धवट लोळलं होतं तिथे. वडील म्हणाले, 'अहो, इथलं कशाला कापता? तिकडे बघा की.' ग्रामसेवक म्हणाले, 'काका, नंबर इथला आलाय. तुम्ही म्हणाल तिथे कापायचं तर मग मोजायचं कशाला?' तेवढ्या चौकोनातलं भात कापलं, झोडलं, तिथेच वजन केलं, थोडं धान्य वाळवून पुन्हा तोलायला पिशवीत भरून नेलं. वडील संध्याकाळपर्यंत नाराज होते. मला मात्र ते वाक्य चिकटलं. यादृच्छिक नमुना हा शब्द पुढे कितीतरी वर्षांनी भेटला, पण त्याचा अर्थ मला त्या चिखलात आधीच कळला होता. वर्गात सरांनी फळ्यावर व्याख्या लिहिली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती खुंटी उभी राहिली. माझी तयारी झाली ती अशी, नकळत.

त्या खुंटीमागे कोण होतं हेही मला नंतर समजलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव सातारा जिल्ह्यातलं बुध. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, लंडनला जाऊन १९३६ साली संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली आणि परत आल्यावर देशाच्या कृषी संशोधन परिषदेत बसून शेतातलं उत्पादन नमुन्यावरून कसं मोजायचं याची पद्धत घडवली. पुढे १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षं ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. कापणीचा तुकडा केवढा असावा यावरून त्यांचे आणि संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे मोठे मतभेद झाले. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे, कारण ते झटपट कापून होतात आणि मग जास्त शेतं बघता येतात. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की लहान तुकड्यातून उत्पादन खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसतं.

हे का होतं, याचा विचार करायला तुम्हाला पुस्तक लागणार नाही. सुतळी अगदी चुडावरून गेली तर कापणाऱ्याचा विळा काय करतो? तो चूड आत धरतो. भरलेली लोंबी बाहेर सोडायला हात धजत नाही. एक मीटरच्या चौकोनाला चार मीटर कड आणि आत एक चौरस मीटर शेत. पाच मीटरच्या चौकोनाला वीस मीटर कड, पण आत पंचवीस चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरमागे कड चार मीटरवरून ऐंशी सेंटीमीटरवर आली आणि हाताच्या त्या मोहालाही तेवढीच कमी जागा उरली. तुमच्यापैकी ज्यांनी आवण लावलंय, कापणी केलीय, त्यांना हे एका क्षणात पटेल. शहरात वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना समजावताना मला फळ्यावर चित्रं काढावी लागत. तुम्ही वर्गात येता ते मागे राहून येत नाही. तुमच्याजवळ जे आहे ते या विषयाच्या अगदी मुळाशी लागतं, पण ते घरी ठेवून येता आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे सारखेच रिकामे बसता.

तर माझी पहिली विनंती ही. पहिल्या तासाला येताना वहीच्या शेवटच्या पानावर स्वतः मोजलेले दहा आकडे लिहून आणा. पुस्तकातले नकोत, मोबाइलवर सापडलेले नकोत. तुम्ही मोजलेले. घरच्या म्हशीचं रोजचं दूध चालेल, विहिरीच्या पाण्याची पातळी चालेल, पिरंगुटच्या कारखान्यात भाऊ कामाला असेल तर त्याच्या शिफ्टला निघायच्या वेळा चालतील. काहीच सुचलं नाही तर बस आहेच.

समजा, पौडहून बसमध्ये बसल्यापासून चांदणी चौकाच्या पुढे उतरेपर्यंत किती मिनिटं लागली ते तुम्ही दहा दिवस लिहिलं आणि आकडे आले ते असे: ५२, ४८, ५५, ५०, ४७, ६१, ५३, ४९, ११८, ५७. नवव्या दिवशी भूगावात काहीतरी अडलं असणार, कारण लगेच समासात लिहा. बेरीज ५९०, म्हणजे सरासरी ५९ मिनिटं. आता आकड्यांकडे नीट बघा. दहापैकी आठ दिवस तुम्ही ५९ मिनिटांच्या आतच पोचलात. मग ही कसली सरासरी? आकडे चढत्या क्रमाने लावले की मध्यक येतो ५२.५ आणि तो तुमच्या रोजच्या अनुभवाशी जुळतो. पण परीक्षेच्या दिवशी घरातून कधी निघायचं हे ठरवायला दोन्ही आकडे पुरत नाहीत. तिथे तुम्हाला दहापैकी नऊ दिवस किती वेळात पोचतो हे हवं असतं, म्हणजे सीईटीच्या निकालावर बघून पाठ झालेला तो पर्सेंटाइल. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळी उत्तरं आणि आकडे तेच. मध्य, मध्यक आणि बाकीचे सगळे का शिकायचे, असा प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारायचं. दहा दिवस बसच्या वेळा लिहिलेल्या मुलीने तो कधी विचारला नाही.

याच दहा आकड्यांचं प्रमाण विचलन घरी हाताने काढा. एकदाच काढा, पण काढाच. प्रत्येक आकड्यातून ५९ वजा करा, येणाऱ्या फरकांचे वर्ग करा, मिळवा. बेरीज ४०३६ येते. आणि त्यातले ३४८१ त्या एकट्या ११८ च्या दिवसाचे आहेत. कॅल्क्युलेटरची कळ दाबून हे कधीच दिसणार नाही. हाताने वर्ग करताना ५९ गुणिले ५९ करायला बसलात की पेन थांबतं आणि लक्षात येतं की हा एक दिवस सगळ्यांवर बसला आहे. तो काढून टाकला तर प्रमाण विचलन २१.२ वरून थेट ४.६ वर येतं. काढावा का? नाही. तो दिवस खरा होता, तुम्ही बसमध्ये होता. पण तो का वेगळा आहे हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे, म्हणून समासातली नोंद.

इथेच ती प्रसिद्ध अडचण येईल. बेरजेला दहाने भागायचं की नऊने? कॅल्क्युलेटरवर दोन वेगळ्या कळा, एक्सेलमध्ये नावाच्या शेवटी 'पी' असलेलं एक सूत्र आणि 'एस' असलेलं दुसरं, आर या प्रणालीत न विचारता नऊनेच भागणारं एक. पहिल्या प्रात्यक्षिकात निम्म्या वर्गाचं उत्तर २०.१ येतं, निम्म्याचं २१.२ आणि दोघेही एकमेकांकडे संशयाने बघतात. त्या दिवसासाठी एवढं करून या: तुमचे पहिले नऊ फरक मिळवा. बेरीज २ येते. म्हणजे दहावा फरक उणे २ च असणार, न मोजता सांगता येतं, कारण सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज शून्यच व्हावी लागते. दहा फरक दिसतात, पण मोकळे नऊच. 'डिग्रीज ऑफ फ्रीडम' हा शब्द ऐकून पुढच्या तासांना पोटात गोळा येतो, त्याचं सगळं मूळ या उणे २ मध्ये आहे. दहा दिवसांवरून सगळ्या वर्षाच्या प्रवासाबद्दल बोलायचं असेल तर नऊने भागा, फक्त त्याच दहा दिवसांबद्दल बोलायचं असेल तर दहाने.

आता भाषेबद्दल. तुमच्यातले बरेच जण मराठी माध्यमातून आलेत. दहावीच्या गणित भाग १ मध्ये शेवटची दोन प्रकरणं संभाव्यता आणि सांख्यिकी ही होती. तिथे तुम्ही गृहीतमध्य पद्धतीने मध्य काढलात, वर्गांतरं पाडलीत, स्तंभालेख काढलात, वृत्तालेखाचे कोन मोजलेत. महाविद्यालयात पहिल्याच तासाला मॅडम भराभर मीन, मीडियन, मोड, हिस्टोग्राम म्हणतात आणि तुम्हाला वाटतं हे सगळं नवीन आहे. त्यातलं बरंचसं तुम्हाला येतं, फक्त नाव बदललंय. ते दहावीचं पुस्तक रद्दीत देऊ नका. जूनमध्ये एक वही करा, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे वर्गात ऐकू येणारा शब्द: मध्यक आणि मीडियन, बहुलक आणि मोड, प्रमाण विचलन आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, सहसंबंध आणि कोरिलेशन, नमुना आणि सॅम्पल. प्रत्येक शब्दासमोर तुमच्या दहा आकड्यांतलं एक उदाहरण. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांचा अनुभव असा की डिसेंबरपर्यंत ही वही उघडावी लागत नाही. पण जून ते सप्टेंबर तिने अनेकांना पहिल्या बाकावर टिकवून धरलं.

चिन्हांचंही तसंच. सिग्मा बघून घाबरायचं कारण नाही, तो एक हुकूम आहे: सगळे मिळवा. सूत्र दिसलं की मोठ्याने मराठीत वाचा. 'प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा कर, वर्ग कर, सगळे मिळव, भाग, वर्गमूळ घे.' ज्याला सूत्र असं वाचता येतं त्याला पाठ करावं लागत नाही. अकरावी-बारावीचं क्रमचय-संचय कच्चं राहिलं असेल तर त्याला आठवडाभर द्या, कारण संभाव्यतेच्या प्रकरणात शिक्षक ते गृहीत धरून पुढे जातात आणि थांबत नाहीत. अपूर्णांक आणि टक्केवारी कच्ची असेल तर लाज न बाळगता सातवीचं पुस्तक काढा. मी एम.एस्सी.च्या मुलांनाही ते काढायला लावलं आहे.

तासाच्या आदल्या रात्री सगळा धडा वाचून येण्याची गरज नाही, ते कोणी करत नाही आणि बसमधून घरी पोचून जेवून तुमच्यात ताकदही उरत नाही. एक पान वाचा. त्यातलं सोडवलेलं एक उदाहरण, उत्तर झाकून, स्वतः करून बघा. जिथे अडाल त्या ओळीला पेन्सिलने खूण करा. एवढीच तयारी. दुसऱ्या दिवशी शिक्षक त्या ओळीपाशी आले की तुमचे कान आपोआप टवकारतात. आणि तिथेही कळलं नाही तर विचारा, तासातच विचारा. 'सर, ही ओळ कशी आली?' यापेक्षा चांगला प्रश्न नाही. आपल्याकडच्या मुली हा प्रश्न दोन वर्षं मनात ठेवतात, हे मी पाहिलं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रात्यक्षिकांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मुलं खरी घसरतात ती तिथे.

मी स्वतः विद्यार्थिनी असताना आमच्या वर्गात एका हुशार मुलीचं जर्नल सगळीकडे फिरायचं. उद्देश, सूत्र, तक्ता, आकडेमोड, निष्कर्ष, सगळं तिच्यावरून उतरवायचं आणि सबमिशनच्या दिवशी सही घ्यायची. कोणी अडवलं नाही. वर्षअखेरीला तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्याच जर्नलमधलं पान उघडून विचारलं, 'हे साडेतेरा काय आहे? साडेतेरा किलो, सेंटीमीटर की रुपये?' मला सांगता आलं नाही. साडेतेरा हे माझ्यासाठी नुसतं साडेतेरा होतं. ते परीक्षक रागावले नाहीत, त्यांनी जर्नल मिटून परत दिलं. त्या रात्री मी पहिल्यापासून सगळी प्रात्यक्षिकं पुन्हा केली. म्हणून सांगते, तक्त्याच्या वर एकक लिहिल्याशिवाय पहिला आकडा लिहू नका. आणि निष्कर्ष लिहिताना 'मध्य ५९ आहे' असं लिहू नका, ती आकडेमोड झाली. 'दहापैकी आठ दिवस प्रवास सरासरीपेक्षा लवकर संपला, एका दिवसाच्या खोळंब्याने सरासरी वर ओढली' हा निष्कर्ष. तो तुमच्या शब्दांत असू द्या, व्याकरण चुकलं तरी चालेल.

प्रयोगशाळेत संगणकासमोर बसण्याआधी घरी चिठ्ठ्यांवर एक प्रयोग करून या. विल्यम गॉसेट नावाचा माणूस डब्लिनला गिनेस या बिअरच्या कंपनीत होता. बार्लीच्या प्रयोगांत त्याच्या हाती मोजकेच आकडे यायचे आणि मोजक्या आकड्यांवरून किती खात्रीने बोलावं हा त्याचा प्रश्न होता. त्याने तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी अशी आधीच मोजलेली माहिती घेतली, तीन हजार पुठ्ठ्यांवर लिहिली, पुठ्ठे नीट पिसले आणि चार-चारचे साडेसातशे नमुने केले. संगणक नव्हता, हात होते. १९०८ साली त्याने निबंध छापला. लेखक म्हणून स्वतःचं नाव न घालता टोपणनाव घातलं: 'स्टुडंट'. तुम्ही जी टी-टेस्ट शिकाल ती या विद्यार्थ्याची.

तुम्ही तुमचे बसचे दहा आकडे दहा चिठ्ठ्यांवर लिहा. डब्यात घालून हलवा, चार काढा, सरासरी काढून आलेखाच्या कागदावर टिंब द्या, चिठ्ठ्या परत टाका. तीस वेळा करा, अर्धा-पाऊण तास लागेल, धाकट्या भावंडांना मदतीला घ्या. काय दिसेल ते आधीच सांगते, कारण मला हे सांगायचा मोह आवरत नाही. टिंबांचे दोन ढीग होतील. एक बावन्नच्या आसपास, दुसरा एकोणसत्तरच्या आसपास, आणि मध्ये मोकळं रान. ११८ ची चिठ्ठी हाती आली की सरासरी ६५.५ च्या खाली येऊच शकत नाही, नाही आली तर ५६.५ च्या वर जाऊ शकत नाही. आणि खरी सरासरी, ५९, बरोबर त्या मोकळ्या रानात आहे! चारच्या एकाही नमुन्याला ती सापडत नाही. नमुना लहान असला आणि आकडे एका बाजूला ओढलेले असले तर काय होतं, हे पुस्तकात वाचून मान डोलावता येते. पण आलेखावरचं ते रिकामं मैदान स्वतः काढलेलं असलं की पुढे 'नमुना पुरेसा मोठा असावा' हे वाक्य तुम्ही कधीही नुसतं घोकणार नाही.

संगणकावर बसलात की दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावा. एक, आकडेमोडीच्या आधी चित्र काढा. फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्ब यांनी १९७३ साली अकरा-अकरा बिंदूंचे चार संच छापले. चारही संचांत मध्य सारखे, विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) जवळजवळ सारखं, सहसंबंध ०.८१६. आलेख काढले तर एक साधारण सरळ चढणारा, एक कमानीसारखा वाकलेला, तिसऱ्यात एकच बिंदू रेषा बिघडवणारा, चौथ्यात एक सोडून सगळे एका उभ्या रेषेवर. तुमचे शिक्षक हा तक्ता दाखवतीलच, नाही दाखवला तर मागा.

दुसरी सवय, उत्तर साधारण किती येईल हे कळ दाबण्याआधी कागदावर लिहा आणि सूत्राने नेमक्या किती ओळी उचलल्या ते मोजा. ही बारीकसारीक गोष्ट वाटेल. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी निबंध लिहिला की देशावरचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते. अनेक देशांतल्या राजकारण्यांनी त्याचा दाखला देऊन खर्चाला कात्री लावली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातला गृहपाठ होता: प्रसिद्ध निबंधातली आकडेमोड स्वतः करून बघा. त्याची उत्तरं काही केल्या जुळेनात. शेवटी त्याने मूळ एक्सेल फाइल मागवली आणि त्याला दिसलं की सरासरीचं सूत्र खालच्या ओळींपर्यंत ओढलेलंच नाही, पाच देश बाहेर राहिलेत. आणखीही आक्षेप होते, वजन कसं दिलं, कोणती वर्षं गाळली वगैरे. सगळं दुरुस्त करून त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये दाखवलं की जिथे वाढ उणे ०.१ टक्के म्हटली होती तिथे ती २.२ टक्के येते. एक्सेलमधली चूक मूळ लेखकांनी मान्य केली. तो मुलगा तेव्हा गृहपाठ करत होता. तुमचं उत्तर सरांच्या उत्तराशी जुळलं नाही तर लगेच खोडू नका. आधी ओळी मोजा.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी संगणक नाही, मला ठाऊक आहे. आर फुकट मिळते, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती असते, पण तुमची शेवटची बस सुटू नये म्हणून तुम्ही प्रात्यक्षिक अर्धं टाकून निघता. यावर माझ्याकडे एक उपाय आहे. आज्ञा आदल्या दिवशी कागदावर लिहून न्या, ओळीने, आणि प्रत्येक ओळीसमोर मराठीत लिहा की ती काय करणार आहे. लॅबमध्ये फक्त टंकायचं आणि चूक शोधायची. मूळ आकड्यांची फाइल वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका, काम दुसऱ्या फाइलमध्ये. घरी येताना फाइल स्वतःला ईमेल करा, पेनड्राइव्ह बसमध्ये हरवतो.

आणि महाविद्यालयांतल्या माझ्या सहकाऱ्यांनाही, हे पत्र त्यांच्या हाती पडलं तर, एक सांगणं आहे. आपल्या प्रात्यक्षिकांतले आकडे वर्षानुवर्षं तेच आहेत. मुलांना त्यांचे आकडे आणू द्या. तपासायला त्रास होतो, मलाही झाला. पण ताम्हिणीच्या वाटेवरून येणारा मुलगा आणि हिंजवडीची मुलगी आपापल्या घरचा पाऊस घेऊन आले तर काय होतं बघा. दोन्ही गावं एकाच मुळशी तालुक्यातली. ताम्हिणीला एका पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पडतो आणि पूर्वेकडे शहराला लागून असलेल्या गावांत तो झपाट्याने कमी होत जातो. शिवाजीनगरला तर वर्षाची सरासरी साधारण ७०० मिलिमीटर. 'मुळशी तालुक्याचा सरासरी पाऊस' हा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, पण तो ना ताम्हिणीत पडतो ना हिंजवडीत. कृषी विभाग मंडळनिहाय पावसाच्या नोंदी प्रसिद्ध करतो, त्या समोर ठेवून दोघांना एकाच बाकावर बसवा आणि तालुक्याचा एक आकडा काढायला सांगा. ते भांडतील. त्यांना भांडू द्या, तास संपेपर्यंत दोघांनाही विचरण समजलेलं असेल.

सुखात्मे रोमहून परतल्यावर पुण्यात राहिले आणि उतारवयातही असंच एक भांडण त्यांनी घेतलं. १९७१ साली पुण्यातच, गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणसाला दिवसाला लागणाऱ्या २२५० उष्मांकांच्या आधाराने देशातल्या गरिबीची रेषा आखली होती. सुखात्मे म्हणत होते की एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक कमीजास्त होते, तेव्हा सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक माणूस उपाशी धरता येणार नाही. दांडेकरांना ते मान्य नव्हतं. कोणाचं बरोबर हे मी तुम्हाला सांगणार नाही, दुसऱ्या वर्षापर्यंत तुम्ही स्वतः वाचून ठरवा. दोघेही विद्वान, दोघेही गरिबांच्या कळवळ्याने लिहिणारे, वाद मात्र सरासरी आणि तिच्या भोवतीच्या चढउताराचा. तुमच्या बसच्या दहा आकड्यांत जे दोन शब्द आहेत, तेच.

कॉलेज सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत. उद्या सकाळी बसमध्ये चढताना घड्याळ बघा.

तुमची,
संख्याशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
पौड, ता. मुळशी

ता. क. प्रात्यक्षिकाला बसण्याआधी कॅल्क्युलेटरची जुनी स्मृती पुसा. आधीच्या मुलाने भरलेले आकडे आत तसेच राहतात आणि तुमच्या दहात मिसळतात. पुसल्याची खात्री करायची असेल तर सगळे आकडे भरून झाल्यावर पहिल्यांदा 'एन' बघा. तो १० दिसला पाहिजे.